कॅनडात नवीन आहात? ईटीएफ निवडताना या क्रमाने चला

आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिसिसागाला उतरलो. पगाराचं खातं उघडायला बँकेत गेले, तिथल्या सल्लागाराने आपुलकीने बसवून घेतलं आणि मी उठेपर्यंत एका म्युच्युअल फंडाच्या कागदांवर माझी सही झाली होती. त्या फंडाचा वार्षिक खर्च दोन टक्क्यांहून जास्त आहे, हे मला दीड वर्षाने कळलं. ५०,००० डॉलरवर दोन टक्के म्हणजे वर्षाला १,००० डॉलर. बाजार वर जावो की खाली, ते जाणारच. तेच पैसे इथल्या एखाद्या सर्वसमावेशक ईटीएफमध्ये असते तर खर्च १०० डॉलरच्या आसपास आला असता.

तेव्हापासून नव्याने आलेल्या मैत्रिणींना, नंतर शिकायला आलेल्या भाच्याला मी हेच सगळं फोनवर समजावत आले. आता ते एका जागी, क्रमाने लिहून ठेवते आहे. मी परवानाधारक सल्लागार नाही. स्वतः हे सगळं करून, चुकून, दुरुस्त करून जे हाती लागलं ते सांगते.

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड, एवढं तुम्हाला भारतातल्या निफ्टी फंडांमुळे माहीत असेल. ही कल्पना प्रत्यक्षात पहिल्यांदा आली ती टोरांटोच्या शेअर बाजारात, १९९० मध्ये. आज इथे शेकडो ईटीएफ आहेत, आणि नवीन माणसाची खरी अडचण तीच आहे.

एक सूचना: फंडांची छोटी नावं (टिकर) मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ब्रोकरच्या पडद्यावर तीच अक्षरं इंग्रजीत दिसतील.

आधी हे हाताशी ठेवा

- सिन नंबर, म्हणजे नोकरी आणि करासाठी लागणारा इथला सरकारी क्रमांक. वर्क परमिटवर असाल तर तो ९ ने सुरू होतो आणि त्याला मुदत असते. परमिट वाढलं की सिनची मुदतही वाढवून घ्या.
- पासपोर्ट, शिवाय पीआर कार्ड किंवा परमिट. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर काम लवकर होतं.
- पत्त्याचा पुरावा: बँकेचं स्टेटमेंट किंवा विजेचं बिल.
- बँक खातं जोडण्यासाठी व्हॉइड चेक (रद्द केलेला चेक). बँकेच्या अ‍ॅपवर तो पीडीएफमध्ये मिळतो.
- मागच्या वर्षाची नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे रिटर्न भरल्यावर सीआरएकडून (इथल्या कर खात्याकडून) येणारं पत्र. पहिल्या वर्षी ती नसते, काळजी नको.
- मुलांसाठी आरईएसपी (शिक्षणाच्या बचतीचं खातं) उघडायची असेल तर मुलाचा सिन.

१. अडीनडीचे पैसे बाजूला काढा

सहा महिन्यांचं भाडं, किराणा आणि गाडीचा विमा निघेल एवढी रक्कम बचत खात्यात हवी. इथे नोकरी गेली तर भारतातल्यासारखं आईवडिलांच्या घरी जाऊन राहता येत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. त्या व्याजाला पुरून उरेल असा कुठलाही फंड नाही. दोन-तीन वर्षांत घराच्या डाउन पेमेंटला लागणारे पैसेही शेअरच्या ईटीएफमध्ये घालू नका. त्यासाठी जीआयसी, म्हणजे इथली मुदत ठेव, किंवा जास्त व्याजाचं बचत खातं बरं.

२. फंडाआधी खातं ठरवा

फंड कुठला, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. पण तोच फंड चुकीच्या खात्यात घेतला तर करापायी जितकं जातं तितकं फंड बदलून वाचत नाही.

टीएफएसए. यातला नफा, लाभांश, काढलेले पैसे, सगळं करमुक्त. नवीन माणसाने बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करावी. मर्यादा २०२४ आणि २०२५ साठी प्रत्येकी ७,००० डॉलर. आणि याच मर्यादेत मी अडकले. २०१९ मध्ये एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की एकूण मर्यादा ६३,५०० आहे, बिनधास्त भर. ते खरं होतं, पण २००९ पासून इथे राहणाऱ्यांसाठी. आपली मर्यादा आपण कॅनडाचे करनिवासी झालो त्या वर्षापासून मोजतात. (त्या वर्षाची मात्र पूर्ण मिळते, डिसेंबरात आलात तरी.) माझी मर्यादा ६,००० होती आणि मी ऑक्टोबरात १५,००० भरले. जादा रकमेवर दरमहा एक टक्का दंड. ऑक्टोबर ते डिसेंबर ९० डॉलर महिन्याला. जानेवारीत नवे ६,००० मिळाले, जादा ३,००० उरले, मग ३० डॉलर महिन्याला. जुलैत काढून घेईपर्यंत एकूण ४८० डॉलर, आणि वर आरसी२४३ नावाचा फॉर्म. सीआरएच्या संकेतस्थळावरचा आकडाही बँका-ब्रोकरांची माहिती पोहोचल्यावरच ताजा होतो, म्हणून आपली वही आपण ठेवायची: तारीख, भरले, काढले.

याच खात्याचा दुसरा सापळा. काढलेल्या पैशांची जागा त्याच वर्षी परत मिळत नाही, ती पुढच्या १ जानेवारीला मोकळी होते. ब्रोकर बदलायचा असेल तर पैसे स्वतः काढून भरू नका, नव्या ब्रोकरकडे ट्रान्सफरचा फॉर्म द्या.

आरआरएसपी. निवृत्तीसाठी. भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते, काढताना कर लागतो. मर्यादा मागच्या वर्षीच्या कॅनडातल्या कमाईच्या १८ टक्के, वर एक कमाल आकडा. म्हणजे आल्या आल्या तुमची मर्यादा शून्य असते. तुमची कंपनी तुमच्याइतकेच पैसे घालत असेल तर ते आधी घ्या. नाही तर पगार वाढून वरच्या स्लॅबमध्ये जाईपर्यंत थांबलात तरी चालेल.

एफएचएसए. पहिल्या घरासाठी. २०२३ च्या एप्रिलपासून सुरू. वर्षाला ८,०००, आयुष्यात ४०,०००. भरताना करात सूट आणि घरासाठी काढताना करमुक्त, असा दुहेरी फायदा दुसऱ्या खात्यात नाही. खातं उघडल्याशिवाय मर्यादा साठू लागत नाही, म्हणून पैसे नसले तरी उघडून ठेवा. पण आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट तपासावी. या वर्षात किंवा आधीच्या चार वर्षांत तुम्ही स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होता का, असं विचारतात आणि त्यात परदेशातलं घरही धरतात. ठाण्यात-पुण्यात स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावच्या फ्लॅटमध्ये राहून दोन वर्षांपूर्वी आला असाल, तर आत्ता हे खातं तुम्हाला उघडता येणार नाही.

आरईएसपी. मुलांच्या शिक्षणासाठी. वर्षाला २,५०० भरलेत की सरकार २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर घालतं. एका मुलामागे एकूण ७,२०० पर्यंत. इतकी हमखास भर दुसरीकडे मिळणार नाही.

हे सगळं भरल्यावर पैसे उरले तरच साधं, करपात्र खातं.

३. शेअर किती, रोखे किती

हा निर्णय घरात बसून, दोघांनी बोलून घ्यायचा. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये टोरांटोचा निर्देशांक जेमतेम महिन्याभरात ३७ टक्के घसरला होता. तेव्हा माझ्याकडे थोडेच पैसे होते, तरी रोज रात्री अ‍ॅप उघडून बघत बसायचे. तुमचे ४०,००० महिन्यात २५,००० झाले आणि त्याच आठवड्यात ऑफिसात कपातीची बातमी आली, तर तुम्ही विकाल का? उत्तर मनात ‘बहुतेक हो’ असेल तर रोख्यांचा, म्हणजे बाँडचा, भाग वाढवा.

माझा ढोबळ हिशेब असा: पंधरा वर्षं हात लावायचा नाही आणि घसरण सोसेल, तर सगळे शेअर किंवा ८०:२० (८० टक्के शेअर, २० टक्के रोखे). दहा वर्षांच्या आतबाहेर असेल तर ६०:४०. त्याहून जवळचं उद्दिष्ट असेल तर रोखे जास्त. रोखे कधीच पडत नाहीत असंही नाही. २०२२ मध्ये व्याजदर चढले तेव्हा कॅनडाचे रोखे फंड दहा टक्क्यांहून अधिक पडले.

४. एकच फंड की चार?

२०१८ च्या सुरुवातीला व्हॅनगार्डने इथे सर्वसमावेशक ईटीएफ आणले. मग आयशेअर्स आणि बीएमओनेही आणले. एकाच फंडाच्या पोटात कॅनडा, अमेरिका, युरोप-जपान आणि उदयोन्मुख देशांचे फंड असतात, त्यातून भारतही थोडासा येतो. प्रमाण बिघडलं की फंड स्वतःच सावरतो. वार्षिक खर्च सगळा धरून ०.२ टक्क्यांच्या आसपास.

- सगळे शेअर: व्हीईक्यूटी, एक्सईक्यूटी, झेडईक्यूटी
- ८०:२० : व्हीजीआरओ, एक्सजीआरओ, झेडजीआरओ
- ६०:४० : व्हीबीएएल, एक्सबीएएल, झेडबीएएल

पहिलं अक्षर कंपनीचं: व्ही म्हणजे व्हॅनगार्ड, एक्स म्हणजे आयशेअर्स, झेड म्हणजे बीएमओ. एका ओळीतल्या तिघांमधला फरक किरकोळ आहे. व्हीईक्यूटीत कॅनडाचा हिस्सा ३० टक्क्यांच्या जवळपास, एक्सईक्यूटीत २५ च्या. यावर आठवडाभर खल करू नका. एक घ्या.

नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: पहिली पाच वर्षं एक सर्वसमावेशक फंड पुरे. चार वेगळे फंड घेतले तर खर्च थोडा कमी पडतो हे खरं. कॅनडासाठी एक्सआयसी किंवा व्हीसीएन, बाकी जगासाठी एक्सएडब्ल्यू, रोख्यांसाठी झेडएजी, असे तीन-चार घेऊन काम भागतं. पण मग प्रमाण सांभाळायचं काम तुमच्याकडे येतं. आणि घसरणीत पडलेला फंड अजून विकत घ्यायचा असतो, जे त्या दिवशी हातून होत नाही. रक्कम मोठी होईपर्यंत वाचणारे पैसे वर्षाला एकदा बाहेर जेवायला जाण्याइतकेच असतात.

इथे नेहमी दोन सूर ऐकू येतात.

पहिला: “सगळे पैसे अमेरिकेच्या एस अँड पी ५०० मध्ये टाका, व्हीएफव्ही घ्या आणि विसरा.” एस अँड पी ५०० म्हणजे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, आणि त्याचा व्हीएफव्ही चांगला, स्वस्त फंड आहे. पण २००० ते २००९ या दहा वर्षांत एस अँड पी ५०० ने लाभांश धरूनही काही दिलं नाही. त्यात कॅनडाचा डॉलर वधारल्याने इथल्या माणसाचं नुकसान आणखी वाढलं. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शिखरावर परत पोहोचला तो २०२४ मध्ये. कुठल्या देशाची पाळी कधी येईल हे आधी कळत नाही, म्हणून मी सगळं जग घेते.

दुसरा: “आपण कॅनडात राहतो, इथल्याच बँका घ्या, लाभांश छान येतो.” जगाच्या शेअर बाजारात कॅनडाचा वाटा साधारण तीन टक्के आहे. त्यातही मोठा भाग बँका, तेल आणि खाणी यांचा. तुमची नोकरी इथे, घर इथे, मग बचतही पूर्णपणे इथेच कशाला? नॉर्टेल या दूरसंचार कंपनीची गोष्ट इथली जुनी माणसं अजून सांगतात. २००० मध्ये ही एकच कंपनी टोरांटोच्या निर्देशांकाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग झाली होती. १२४ डॉलरचा शेअर २००२ मध्ये एका डॉलरच्याही खाली गेला आणि २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एक्सआयसीच्या निर्देशांकाच्या नावात ‘कॅप्ड’ हा शब्द आहे. एका कंपनीचा हिस्सा दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ.

५. फंडाची माहितीपत्रिका वाचा

प्रत्येक ईटीएफची ‘ईटीएफ फॅक्ट्स’ नावाची मोजक्या पानांची पत्रिका फंडाच्या संकेतस्थळावर असते. पाच गोष्टी बघा.

एमईआर, म्हणजे वार्षिक एकूण खर्च. फंडाचा आकार आणि रोजची उलाढाल. खरेदी-विक्रीच्या भावातला सरासरी फरक. आतले दहा सर्वांत मोठे हिस्से. आणि सर्वांत वाईट तीन महिन्यांत किती पडला होता तो आकडा, जो बहुतेक जण वाचत नाहीत. मी तो मोठ्याने वाचून त्याचे डॉलर करते: माझ्या रकमेचे इतके कमी झाले असते.

६. चलनाचं कोडं

एकाच निर्देशांकाचे हेज्ड आणि हेज न केलेले असे दोन फंड दिसतील. हेज्ड फंडात डॉलरच्या चढउताराचा परिणाम काढून टाकायचा प्रयत्न असतो आणि त्याचा खर्च पडतो. दीर्घ मुदतीसाठी मी हेज न केलेला घेते. बाजार कोसळतो तेव्हा बऱ्याचदा अमेरिकी डॉलर वधारतो आणि थोडा आधार मिळतो.

न्यूयॉर्कच्या बाजारातले फंड घ्यावेत का? खर्च आणखी कमी दिसतो. आरआरएसपीत ते थेट घेतले तर अमेरिकेचा लाभांशावरचा १५ टक्के कर कापला जात नाही. टीएफएसएला ही सवलत नाही. लाभांश दीड टक्का धरला तर वाचतात ०.२२ टक्के. पण चलन बदलताना ब्रोकर दीड टक्क्याच्या आसपास घेऊ शकतो, म्हणजे सहा-सात वर्षांची बचत पहिल्याच दिवशी गेली. शिवाय अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० अमेरिकी डॉलरच्या वर गेली तर तिथल्या वारसा कराचे कागद मागे लागू शकतात. नवीन माणसाने टोरांटोत नोंदलेल्या फंडांवरच राहावं.

७. पहिली खरेदी

वेल्थसिंपल, क्वेस्ट्रेड, नॅशनल बँक डायरेक्ट ब्रोकरेज यांच्याकडे ईटीएफ खरेदीवर कमिशन नाही. काही मोठ्या बँकांच्या ब्रोकरेजमध्ये एका व्यवहाराला दहा डॉलरच्या आसपास लागतात. महिन्याला २०० डॉलर गुंतवणाऱ्याचे त्यात पाच टक्के जातात. ब्रोकर सीआयपीएफचा सदस्य आहे ना, एवढं बघा. ब्रोकर बुडाला तर त्या निधीचं दहा लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं. बाजार पडून झालेलं नुकसान त्यात येत नाही. डिमॅट खातं वेगळं उघडावं लागत नाही.

बाजार टोरांटोच्या वेळेप्रमाणे सकाळी ९:३० ते ४. व्हँकुव्हरला असाल तर पहाटे ६:३० ला उघडतो. पहिला आणि शेवटचा अर्धा तास सोडा, तेव्हा भावातला फरक मोठा असतो.

समजा खात्यात २,००० डॉलर आहेत. टिकर टाका आणि नाव पूर्ण वाचा, कारण एका अक्षराच्या चुकीने दुसराच फंड येतो. पडद्यावर दोन भाव दिसतात, समजा ३६.००/३६.०१. डावीकडे घेणाऱ्यांचा, उजवीकडे विकणाऱ्यांचा. ऑर्डरच्या प्रकारात ‘लिमिट’ निवडा आणि ३६.०२ लिहा. ५५ युनिट, म्हणजे जास्तीत जास्त १,९८१ डॉलर १० सेंट. खातं टीएफएसएच निवडलं आहे ना, हे पुन्हा बघा आणि पाठवा. मिळेल तो भाव प्रत्यक्षात ३६.०१ च असेल. ३६.०२ ही आपली वरची मर्यादा. २०२४ च्या मेपासून व्यवहार पुढच्याच कामाच्या दिवशी पूर्ण होतो. लाभांशातून आपोआप युनिट घेणारी ‘ड्रिप’ सोय चालू करा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम जाईल अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी आहे, आपल्या एसआयपीसारखीच.

८. हे टाळा

वर्षाला दहा-बारा टक्के दराने दरमहा वाटप देणारे कव्हर्ड कॉल फंड. आपल्याला दरमहा व्याज मिळण्याची सवय, म्हणून ते मोहात पाडतात. बाजार चढला की वरचा नफा ते सोडून देतात, घसरण मात्र सोसावी लागते. कधीकधी वाटपात तुमचंच मुद्दल परत आलेलं असतं. निवृत्तीला पोहोचलेल्या कुणाचं गणित वेगळं असेल, तिशीतल्या माणसाने यात पडू नये.

दुप्पट-तिप्पट चाल देणारे लिव्हरेज्ड ईटीएफ रोजच्या चालीसाठी बनलेले असतात, वर्षभर ठेवायला नाहीत. आणि मागच्या वर्षी सर्वांत जास्त वाढलेला फंड म्हणून कुठलाच फंड निवडू नका.

भारतावर विश्वास म्हणून अर्धे पैसे भारताच्या ईटीएफमध्ये घालणारेही भेटतात. गावाकडे जमीन, ठाण्यात फ्लॅट, बँकेत एफडी असताना भारतातली गुंतवणूक आधीच पुष्कळ झालेली असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

९. नोंदी आणि भारतातली मालमत्ता

करपात्र खात्यात ईटीएफ असेल तर प्रत्येक खरेदीची सरासरी किंमत स्वतः ठेवा. फंड काही वाटप रोख न देता आतच गुंतवतो. ते किमतीत मिळवलं नाही तर विकताना त्याच नफ्यावर दोनदा कर भराल. मुद्दल परत आलं तर ते किमतीतून वजा करायचं. नुकसानीत विकून तोच फंड ३० दिवसांत परत घेतला, अगदी जोडीदाराच्या किंवा टीएफएसएच्या खात्यात, तरी ते नुकसान धरता येत नाही.

भारतातल्या एफडी, म्युच्युअल फंड, शेअर आणि भाड्याने दिलेला फ्लॅट यांची मूळ किंमत मिळून वर्षात कधीही १,००,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर टी११३५ फॉर्म भरावा लागतो. करनिवासी झालात त्या पहिल्या वर्षी तो लागत नाही, दुसऱ्यापासून लागतो. टोरांटोत नोंदलेले ईटीएफ यात धरत नाहीत, आतले शेअर परदेशातले असले तरी. बहुतेक मालमत्तेची मूळ किंमत तुम्ही करनिवासी झालात त्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात. म्हणून त्या तारखेचं फंडांचं स्टेटमेंट, शेअरचे भाव आणि फ्लॅटचं मूल्यांकन आजच मागवून एका फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी फ्लॅट विकताना हाच कागद शोधावा लागतो, आणि तेव्हा तो मिळवणं फार जड जातं.